बांधापलीकडची खुंटी

१

रविवारी सकाळी पावणेआठला मी वसईजवळच्या गास गावातल्या शेतात पोहोचलो, तेव्हा अकरा खुंट्या जागच्या जागी होत्या आणि बारावी गायब होती. दुसरी एखादी गेली असती तर मी गुपचूप नवी ठोकून मोकळा झालो असतो. पण गेली ती नेमकी सगळ्यांत लांबची, रोशनीच्या भिंगऱ्याची.

घोळ कळायला आधी स्पर्धा कळायला हवी, आणि ती समजावून सांगायची मला भारी हौस आहे. मी सुमेध. पोटापाण्यासाठी बँकेत कारकून आणि हौसेपोटी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. २००२ च्या दिवाळीत सायबर कॅफेत बसून मी परदेशातल्या एका खेळाचे नियम वाचले. माणसाने रेषेमागून प्लास्टिकची तबकडी फेकायची, कुत्र्याने धावत जाऊन ती हवेतच झेलायची, आणि ज्याचा झेल सर्वांत लांब तो जिंकला. मी वेडाच झालो. दोन महिने खपून मराठीत नियमावली लिहिली आणि फेब्रुवारीत वसई-विरारची पहिली श्वान-तबकडी स्पर्धा जाहीर करून टाकली. बारा कुत्री आली. मला चार अपेक्षित होती.

फेकणाऱ्याचा पाय रेषेला लागला तर फेक बाद. तबकडी जमिनीला टेकली तर बाद. झेलल्यावर कुत्र्याचा जो पाय आधी जमिनीवर येईल तिथे खुंटी ठोकायची. प्रत्येकाला तीन फेकी, त्यातली सर्वांत लांबची खुंटी ठेवायची आणि बाकीच्या उपटायच्या. खुंट्या मी गोखिवऱ्याच्या एका सुताराकडून तयारच उचलल्या होत्या, चौकोनी, वरून तांबड्या रंगाच्या, अगदी सरकारी थाटाच्या. वर आकडे टाकले की काम झालं.

शनिवारी सगळ्यांच्या फेकी झाल्या, मोजणी मात्र राहिली. पन्नास मीटरचा टेप ज्या ठेकेदाराकडून मिळणार होता तो साखरपुड्याला निघून गेला होता. म्हणून मोजणी रविवारी सकाळी आठला, सर्वांसमक्ष. आणि नियम दहा, जो लिहिताना मी स्वतःवरच खूश झालो होतो: मोजणीच्या वेळी खुंटीची जागा दाखवता आली नाही, तर ती फेक बाद.

रोशनी माझ्या पाठोपाठच आली. एकोणीस वर्षांची पोरगी, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर आईबरोबर राहते. तिने मोकळ्या शेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली वाकून भिंगऱ्याच्या गळ्यात हात टाकला.

"सुमेधदादा," ती म्हणाली, "आता उद्या याला कुठे नेऊ मी?"

२

तिच्या त्या प्रश्नामागे आमच्या सोसायटीचे चेअरमन सदानंदकाका होते. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस बारा महिने इस्त्रीचा शर्ट घालतो आणि काखोटीला फाइल मारून हिंडतो. भिंगऱ्या म्हणजे कुठल्याही जातीचा नसलेला पिंगट गावठी कुत्रा. आनंद झाला की जागच्या जागी गरगर फिरतो म्हणून त्याचं हे नाव. तक्रारी आल्या, आणि काकांनी नोटीस काढली की सोमवारपर्यंत कुत्रा बाहेर. रोशनी रडली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "शिकवलेला कुत्रा असेल तर नियमात बसतो. स्पर्धा जिंकल्याचं प्रमाणपत्र आण, मी लेखी परवानगी देतो."

तिने महिनाभर गच्चीवर रंगाच्या डब्याचं झाकण फेकून सराव केला होता. शनिवारी तिच्या तिसऱ्या फेकीला तबकडी शेताच्या टोकाचा बांध ओलांडून गेली, भिंगऱ्या बांधावरून उडाला आणि पलीकडच्या तुकड्यात तोंडात तबकडी घेऊन उतरला. दुसरा नंबर संग्रामच्या सीझर नावाच्या लॅब्राडॉरचा. तो बांधाच्या अलीकडेच राहिला.

"सगळ्यांनी पाहिलंय ना काका," मी म्हणालो. "बांधापलीकडे म्हणजे पहिलाच नंबर."

"दाखव जागा," सदानंदकाका म्हणाले.

तिथेच तर पंचाईत झाली. आम्ही चाळीस जण बांध ओलांडून गेलो आणि चाळीस जणांनी चाळीस जागा दाखवल्या. एकाच्या मते खुंटी बांधापासून हातभर लांब होती, दुसऱ्याच्या मते चांगली दहा पावलं.

"प्रमाणपत्रावर आकडा लागतो," काकांनी फाइल मिटली. "आकडा नसलेला विजेता माझ्या फाइलीत बसत नाही. आणि नियम तुझाच आहे, सुमेध. अकराला बक्षीस द्यायला पाहुणे येणार, तोवर जागा सापडली तर ठीक."

लोक कुजबुजायला लागले. ज्या माणसाला कुत्रा सोसायटीतून घालवायचाय तोच नियम दाखवतोय, हे काही कोणाच्या नजरेतून सुटलं नाही. मी तर मनात त्यांना बेड्याही घातल्या.

तेवढ्यात मागून पॉलिन टीचरांचा आवाज आला. "सगळे बांधाच्या अलीकडे या बघू. कुत्री गाड्यांपाशीच बांधलेली राहू द्या. पलीकडे कोणीही पाय ठेवायचा नाही."

३

पॉलिन टीचर पापडी गावच्या. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, आणि शिट्टी अजून गळ्यात आहे. आमच्या स्पर्धेच्या पंच त्याच. कुत्र्याचा कुठला पाय आधी टेकला हे बघायला त्या सत्तराव्या वर्षी शेतात पालथ्या पडत होत्या. माझ्या नियमावलीत त्यांनी सतरा चुका काढल्या होत्या, त्यांतल्या सोळा मी मान्य केल्या.

त्या एकट्याच पलीकडे गेल्या. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून हळूहळू फिरल्या, एकदा वाकल्या, आणि परत आल्या.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"एक ओली जागा. जेवायच्या ताटाएवढी."

"हात्तिच्या! बारा कुत्री आहेत, टीचर. कोणीतरी उरकलं असेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा सातवीत बसल्यासारखं वाटलं. "सकाळपासून पलीकडे किती कुत्री गेली?"

"आत्ता आपल्याबरोबर एकही नाही. सगळी गाड्यांपाशी बांधलीत."

"मग आधी कोणाचा तरी कुत्रा गेला असेल, नाही का?" असं म्हणून त्या थेट संग्रामकडे वळल्या. "संग्राम, आत्ता सगळे पलीकडे गेले तेव्हा तू अलीकडेच थांबला होतास. मग तुझ्या बुटांना पलीकडचा पेंढा कसा लागला?"

संग्राम विरारला जिम चालवतो. दंड माझ्या मांडीएवढे, पण त्याचा चेहरा पडला तो अगदी लहान पोरासारखा.

"टीचर, मी आलो होतो. साडेसहाला. सीझर गाडीत होता, आईशप्पथ. मला फक्त पावलं मोजायची होती की आपण कितीने हरलो. रात्रभर डोक्यात तेच चाललं होतं." तो घुटमळला. "तेव्हाच खुंटी नव्हती तिथे. मला सांगायला पाहिजे होतं. पण पाच मिनिटं वाटलं, यार, आता आपण पहिले. मग लाज वाटली आणि मग बोलायची हिंमतच झाली नाही."

"ओली जागा पाहिलीस?"

"हो, तेव्हा तर चांगलीच ओली होती. मला वाटलं कोणाच्या तरी कुत्र्याने..."

"सगळ्यांना कुत्र्याचंच वाटतं," टीचर म्हणाल्या. "सीझर कशावर पाय वर करतो?"

"गाडीच्या टायरवर. खांबावर. काल तर सगळ्या खुंट्यांवर केला."

"म्हणजे काहीतरी उभं लागतं. मोकळ्या सपाट जमिनीवर नाही. आणि ताटभर भिजेल एवढं तर नाहीच."

संग्रामने मान हलवली. मी घड्याळात पाहिलं, नऊ वाजून गेले होते, आणि माझा लाडका संशयित अजून फाइल उघडून उभा होता. टीचर आता त्याच्याकडेच निघाल्या.

४

"मी रोज पावणेसहाला या रस्त्याने फिरायला जातो," सदानंदकाका ताठ मानेने म्हणाले. "आजही गेलो. शेतात उतरलो नाही. उतरायचं मला कारण नाही."

"कोणी दिसलं?"

"कोणी नाही."

"अगदी कोणी नाही?"

काकांनी चष्मा पुसला. त्यांना इतकं अवघडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "एक म्हातारी बाई दिसली. हातात तांब्या होता. शेतात चालली होती. आता तांब्या घेऊन सकाळी शेतात जाणाऱ्या बाईकडे सभ्य माणूस बघत नाही. मी मान वळवली आणि पुढे गेलो. हे काय सांगायचं असतं का?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगतो, काकांबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. टीचर मात्र हसल्या नाहीत.

"कुठल्या बाजूला चालली होती? खाडीकडच्या झुडपांकडे?"

"नाही. बांधावरून सरळ पलीकडच्या तुकड्यात." मग काका स्वतःच थबकले. "मधोमध. मोकळ्यात."

"तिथे आडोसा आहे?"

"कसला आडोसा? चहूबाजूंनी दिसतं."

टीचरांनी नुसतं "हं" केलं आणि शेताचा मालक हरेश्वर उभा होता तिकडे मोर्चा वळवला. भल्या माणसाने स्पर्धेसाठी शेत दिलं होतं, वर सगळ्यांना ताडगोळे खाऊ घातले होते. आता मात्र तो आमच्याकडे पाठ करून दोरीची गुंडाळी करत होता, आणि झाली की सोडून पुन्हा करत होता.

"हरेश्वर, ही खुंटी कुठे गेली असेल?"

"मला काय ठावं, टीचर. मी सुमेधभाऊंना आधीच बोललेलो. बांधाच्या अलीकडं काय वाट्टेल ते करा, पलीकडचं शेत माझं नाय."

ते खरं होतं. तो बोलला होता, आणि मी "हो हो" म्हणून विसरलो होतो. बांधापर्यंत कुठला कुत्रा पोहोचतोय, असं मला वाटलं होतं.

"मग कोणाचं?"

"काकीचं. भागूबाई काकीचं. ती आठ दिस लेकीकडं होती अर्नाळ्याला. काल दिवेलागणीला आली." हरेश्वरने दोरी खाली टाकली. "टीचर, म्हातारीला काय बोलू नका हां. आमच्या गावात खुंटी टिकत नाय, एवढंच सांगतो."

टीचरांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी काही फुंकली की बाराही कुत्री एकदम उभी राहिली.

"सापडली," त्या म्हणाल्या. "सुमेध, टेप घे. हरेश्वर, काकीला मानाने घेऊन या."

५

दहा वाजता आम्ही सगळे बांधावर ओळीने उभे राहिलो. टीचर त्या ओल्या जागेपाशी. ऊन चढलं होतं, आणि ओल आता बशीएवढीच उरली होती.

"सकाळपासून तुम्ही सगळे एकच विचारताय," त्यांनी शाळेतल्या आवाजात सुरुवात केली. "पहिल्या नंबराची खुंटी कोणी काढली? म्हणून तुम्हाला एकदा संग्राम दिसतो, एकदा सदानंदराव दिसतात. कारण पहिला नंबर जायला हवा असं त्यांनाच वाटू शकतं. पण ती खुंटी आणखी एका बाबतीत एकटी होती. बाराजणींत बांधापलीकडे तेवढी एकच होती. ज्याला स्पर्धेचं सोयरसुतक नाही, त्याच्या दृष्टीने ती पहिल्या नंबराची खुंटी नव्हतीच. ती फक्त त्याच्या शेतात कोणीतरी ठोकलेली खुंटी होती."

संग्रामने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की सीझरने वळून पाहिलं.

"आणि आमच्या सेक्रेटरींनी खुंट्या कुठल्या आणल्या?" टीचर माझ्याकडे वळल्या. "चौकोनी, तांबड्या डोक्याच्या, वर आकडा. सुमेध, तो सुतार एरवी या खुंट्या कोणासाठी बनवतो?"

"जमिनी मोजायला येतात त्यांच्यासाठी," मी म्हणालो. "बिल्डरांच्या सर्व्हेवाल्यांसाठी."

बांधावरून एक लांबलचक "अरे देवा" ऐकू आलं. वसईत गेली दहा-पंधरा वर्षं शेतात तांबडी खुंटी दिसली की तिचा अर्थ एकच होतो. आज खुंटी, उद्या दगडी कुंपण, परवा सात मजले. मी बाहेरून इथे राहायला आलेला माणूस, मला त्या खुंटीत फक्त खुंटी दिसली होती.

तोवर हरेश्वर काकीला घेऊन आला. भागूबाई म्हणजे वीतभर म्हातारी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि डोळे असे की मी आपोआप एक पाऊल मागे सरलो. बांधावरची गर्दी, कुत्री, टेप, सगळं तिने एकदा पाहून घेतलं.

"कोन साहेब?" तिने विचारलं. "मोजायला कोन आलाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मीच उपटली ती," भागूबाई म्हणाली. "आनि परत ठोकशील तर परत उपटीन. या हातांनी एकवीस उपटल्यात आजवर. ही जमीन इकायची नाय, तुझ्या शेटला जाऊन सांग."

"काकी, हा बिल्डरचा नाय गो," हरेश्वर कळवळून म्हणाला. "हा कुत्र्यांचा खेळ हाय."

"कुत्र्यांचा?" म्हातारीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुत्री पाळणारा माणूस बिल्डरपेक्षा बरा की वाईट, याचा विचार ती करत असावी.

सदानंदकाका पुढे झाले. "आजी, ती खुंटी आहे कुठे?"

"चुलीत. आंघोळीचं पानी तापवलं."

रोशनीने डोळे मिटून घेतले.

६

"खुंटी गेली तरी चालेल," टीचर म्हणाल्या. "नियम दहा वाचा, सदानंदराव."

काकांनी वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण हळू वाचायची त्यांना सवय नाही. "मोजणीच्या वेळी खुंटीची जागा दाखवता आली नाही तर."

"जागा. खुंटी नाही, जागा. भागूबाई, खुंटी उपटल्यावर तुम्ही काय केलंत?"

"जे करतात तेच. भोकात वाल टाकले, माती लोटली, वर तांब्याभर पानी घातलं." एवढं साधं कोणाला कसं ठाऊक नाही, असा तिचा सूर होता. "मोकळं भोक ठेवलं तर मेले तिथंच परत ठोकतात. पेरलेल्यावर पाय द्यायला जरा तरी लाजतात."

"किती दाणे टाकलेत?"

"तीन."

"सदानंदराव, तुमचा कोणावरच विश्वास नाही, म्हणून तुम्हीच बघा. माती बोटाने सारायची. दाणे हलवायचे नाहीत."

आणि मग मी ते पाहिलं, जे सांगितलं तर आमच्या सोसायटीत अजून कोणाला खरं वाटत नाही. सदानंदकाकांनी फाइल रोशनीच्या हातात दिली, इस्त्रीच्या विजारीसकट शेतात गुडघे टेकले आणि एका बोटाने ओली माती हळूहळू बाजूला केली. चौकोनी भोकाचे काठ अजून शाबूत होते. भोकात, बोटभर खाली, भिजून फुगलेले वालाचे दाणे होते.

"एक," काका म्हणाले. "दोन." मग चष्मा सावरून, "तीन."

टेपचं एक टोक टीचरांनी रेषेवर धरलं, दुसरं काकांनी भोकाच्या काठावर. टेप सैल राहू नये म्हणून मध्ये संग्राम उभा राहिला, आणि आकडाही त्यानेच मोठ्याने पुकारला. "त्रेचाळीस मीटर पंधरा!" सीझरचे अडतीस साठ भरले होते. संग्रामने जाऊन भिंगऱ्याला अख्खाच्या अख्खा उचलून घेतला, आणि कुत्री, माणसं, शिट्टी सगळ्यांचा एकच कल्ला उडाला. भिंगऱ्या खाली उतरला आणि त्याने इतक्या गिरक्या घेतल्या की शेवटी तोल जाऊन पडला. मला इतका आनंद माझ्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

सदानंदकाकांनी गुडघ्यांची माती झटकली, आणि बांधावर बसून फाइलीतून सोसायटीचा छापील कागद काढला. दिलेला शब्द ते तिथल्या तिथे पाळत होते. कुत्रा बाळगण्यास परवानगी देण्यात येत आहे, असं त्यांनी झरझर लिहिलं. खाली रकाने होते.

"नाव, भिंगऱ्या. जात, गावठी. सोसायटीत कधीपासून?"

"काका, तो..." रोशनी म्हणाली, पण भागूबाईनेच तिला थांबवलं. ती वाकून कुत्र्याचा कान उलटा करून बघत होती.

"अगो, हा तर तुमच्या पिवळीचा. कानाला चीर हाय बग." रोशनीकडे बोट करत ती काकांकडे वळली. "याची आय हिच्या बापाशीच्या शेतात, पेंढ्याच्या उडवीखाली व्याली. पाच वरसं झाली. हा एकटाच जगला. मग हिच्या बापाशीनं शेत बिल्डरला दिलं आनि तिथं तुमची ती बिल्डिंग बांधली. खोदत होते तवा हा तिथंच फिरायचा, मशिनीवर भुंकत."

काकांचं पेन थांबलं. "आमच्या इमारतीच्या जागेवर?"

"मी सांगणार होते काका," रोशनी म्हणाली. "पण नोटिशीवर उत्तर लिहायला एकच ओळ होती."

सदानंदकाकांनी बोटांवर वर्षं मोजली. सोसायटीची नोंदणी दोन हजार सालची, हे त्यांना पाठ होतं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. त्यांनी ‘परवानगी’ या शब्दावर सरळ पट्टी ओढावी तशी रेघ मारली.

"परवानगी देता येणार नाही," ते म्हणाले.

रोशनीचा चेहरा पांढराफटक पडला. "पण काका, तुम्ही शब्द दिला होतात."

"नियमात बसत नाही, मुली. जो आपल्या आधीपासून राहतोय, त्याला आपण कोण परवानगी देणार?"

त्यांनी नवा कागद घेतला, सावकाश, सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख टाकली, आणि उभं राहून तो रोशनीच्या हातात दिला. तिने वाचला आणि बांधावर बसून भिंगऱ्याला जवळ ओढलं. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. कागद तिच्या हातातून घेऊन पॉलिन टीचरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"श्री. भिंगऱ्या यांस. आपल्या जागेत आम्हांस राहू दिल्याबद्दल सोसायटी आपली आभारी आहे."